गार्सिया द ओर्ता : कोकणच्या बागेतील वैद्य

आपल्या शाळेची सहल पणजीस गेली की चर्चच्या चौकालगत असलेल्या नगरपालिकेच्या उद्यानात मुलांना डबे उघडावयास बसविण्याचा जुना प्रघात आहे. माजी विद्यार्थ्यांना ते उद्यान आठवत असेल. तेथील उंच स्तंभावर पोर्तुगीज अमदानीत वास्को द गामा याचा अर्धपुतळा होता. गोवा मुक्त झाल्यानंतर त्या जागी सम्राट अशोकाची सिंहमुद्रा आली. मुले सिंहमुद्रा लगेच ओळखतात, हरखून जातात, आणि मग एखादा चौकस विद्यार्थी उद्यानाच्या नावाविषयी विचारतो. ते नाव आहे गार्सिया द ओर्ता. हा गृहस्थ कोण, हे बसमध्ये चढण्याच्या गडबडीत आम्हांस कधीच नीट सांगता आले नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा हे जुने देणे फेडावे असे आम्ही ठरविले.

ओर्ता यांचा जन्म सुमारे १५०१ साली पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या डोंगरी गावात झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर घालविले तेव्हा ते पोर्तुगालच्या आश्रयास आले, आणि पाचच वर्षांनी तेथेही सक्तीच्या धर्मांतराचा हुकूम सुटला. अशा रीतीने ख्रिस्ती झालेल्यांना नवे ख्रिस्ती म्हणत. हे नवेपण पिढ्यानपिढ्या पुसले जात नसे. पूजा बदलली, नाव बदलले, तरी रक्त अशुद्धच राहते असे मानण्याची त्या देशात रीत होती, आणि कोणाच्या आजोबांचे कूळ कोणते याच्या चौकश्या होत. जन्मावरून माणसाची प्रत ठरविण्याचा हा प्रकार युरोपात होता हे वर्गात सांगितले की मुलांना आश्चर्य वाटते. ते केवळ आपल्याकडेच घडले असे त्यांना वाटत असते.

पोर्तुगीज भाषेत भाजीपाल्याच्या व फळझाडांच्या मळ्यास जो शब्द आहे, त्याचा उच्चार या वैद्याच्या आडनावासारखाच होतो. आयबेरियाच्या भूमीवर अरबांनी कित्येक शतके राज्य केले होते आणि मळा करण्याची कला तेथे बरीचशी त्यांनीच रुजविली होती. उन्हाळ्यात करपून जाणाऱ्या त्या प्रदेशात मळा म्हणजे सभोवार दगडी भिंत, मध्ये विहीर, विहिरीवर जनावराने फिरवावयाचा रहाट, रहाटाचे पाणी साठविणारे टाके आणि तेथून निघणारे चिरेबंदी पाट. पाटाकाठी लिंबू-संत्र्यांची झाडे, त्यांच्या सावलीत कांदा, कोबी, पुदिना. शोभेचे आणि उपयोगाचे असा भेद तेथे फारसा नसे. वेंगुर्ले-मालवण पट्ट्यातील विहिरींवर रहाट फिरताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र परके वाटू नये.

सालामांका आणि अल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यक शिकून ओर्ता मायदेशी परतले. काही वर्षे गावी वैद्यकी केल्यावर लिस्बनच्या विद्यापीठात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. प्रतिष्ठा होती, पण पायाखालची जमीन सरकत होती. पोर्तुगालमध्येही धर्मन्यायालय स्थापन करण्याच्या हालचाली सुरू झाल्या होत्या आणि नव्या ख्रिस्त्यांना देश सोडण्याची बंदी होती. मार्च १५३४ मध्ये मार्तिं आफोंसो द सौझा या आरमारी अधिकाऱ्याचे वैद्य म्हणून ते जहाजावर चढले आणि सप्टेंबरात गोव्यास पोहोचले. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालात धर्मन्यायालय आले. ते पुन्हा कधी मायदेशी गेले नाहीत.

पहिली चार वर्षे आरमाराबरोबर दीव, गुजरात, मलबार अशी फिरतीत गेली. नंतर ते गोव्यात, म्हणजे आज ज्याला जुने गोवे म्हणतात त्या राजधानीत, स्थिरावले. व्हाइसरॉयांपासून तुरुंगातील कैद्यांपर्यंत सर्वांवर ते उपचार करीत. त्याबरोबर औषधींचा आणि रत्नांचा व्यापारही करीत. त्यांना साधुपुरुष ठरविण्याचा आमचा विचार नाही. परकीय सत्तेच्या आश्रयाने ते धनवान झाले आणि त्यांच्या घरी गुलाम होते. परंतु एक गुण त्यांच्यापाशी होता जो त्या काळच्या युरोपीय विद्वानांत दुर्मीळ होता. ग्रीक आणि अरब आचार्यांनी जे लिहिले ते प्रत्यक्ष झाडाशी ताडून पाहिल्यावाचून ते स्वीकारीत नसत. जुन्या ग्रंथात एक आणि समोरच्या फांदीवर दुसरेच दिसले, तर ते फांदीच्या बाजूने उभे राहत. युरोपात राहून असे बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले नसते, अशा अर्थाची कबुलीही त्यांनी देऊन ठेवली आहे.

घाटावर अहमदनगरचा सुलतान पहिला बुऱ्हाण निजामशहा याच्याशी त्यांचा स्नेह जडला. त्याच्यावर व त्याच्या कुटुंबीयांवर उपचार करण्यासाठी ते अहमदनगरास जात. त्या दरबारात इराणी, अरब आणि दख्खनी हकीम एकत्र बसत, आणि ओर्ता त्यांच्याशी औषधींच्या नावांवर तासन्‌तास वाद घालीत. येथे त्यांच्या काळात बागेची एक निराळीच कल्पना रुजली होती. शहराच्या उत्तरेस हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग, या नावाची बाग होती. तिच्या मधोमध अष्टकोनी तलाव आणि तलावात अष्टकोनी महाल. तिचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. इराणी बागेचे तत्त्व असे की, बाहेर रखरखीत माळ असावा आणि उंच भिंतीच्या आत स्वर्ग असावा. मध्यातून निघणारे पाण्याचे पाट जागेचे चार भाग करतात, म्हणून तिला चारबाग म्हणतात. पाण्याचा आवाज, सुरूची रांग, डाळिंबाची सावली. आणि पाहणारा मध्यभागी, स्थिर बसलेला. अहमदनगरच्या कोरड्या पठारावर डोंगरापासून खापरी नळांनी पाणी आणून हे स्वर्ग उभे केले गेले. ज्यांनी ते नळ खोदले, त्यांना त्या आठांपैकी एकाही स्वर्गात बसावयास मिळाले असेल असे वाटत नाही.

घाट उतरला की बागेचे गणित उलटे होते. कोकणात पाणी आकाशातून इतके कोसळते की ते आणण्यापेक्षा वाहून नेण्याचीच चिंता अधिक. आणि नंतरचे आठ महिने तेच पाणी झऱ्यातून थेंबथेंब राखावयाचे. आपल्याकडच्या आगरात, गोव्याच्या कुळागरात, चौकोन किंवा अष्टकोन आढळत नाही. उतार जसा वळेल तसा पाट वळतो. बाग जमिनीवर आखली जात नाही, ती उंचीने रचली जाते. सर्वांत वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीच्या खोडावर मिरीचा किंवा विड्याच्या पानाचा वेल, त्याखाली केळ, आणि केळीच्या पायाशी आळू, हळद, आले. एकाची सावली दुसऱ्याचे छप्पर होते. कडेला फणस, आंबा आणि भिरंड. त्यापलीकडे चिऱ्यांचा गडगा. मधोमध बसून पाहण्याची जागा येथे नसते, कारण येथे बसलेला माणूस कामचुकार समजला जातो. राजवाड्याच्या चित्रांत ही बाग येत नाही. म्हणून बागांच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला जागाही थोडी मिळते, याचा आम्हांस खेद आहे.

ओर्ता यांनी मात्र ही बाग बारकाईने पाहिली. माडाचा काथ्या, खोबरे, तेल, माडी आणि झापांपर्यंत त्याच्या प्रत्येक भागाचा उपयोग त्यांनी नोंदविला. आपल्या भिरंडावर त्यांनी एक छोटेसे प्रकरण लिहिले आहे. फळ आतून रक्तासारखे लाल असते, चवीला फार आंबट लागते, रंगारी त्याचा उपयोग करतात आणि सालीपासून आंबटाण मिळते, एवढेच ते सांगतात. सोलकढीचा उल्लेख करीत नाहीत, हे मालवणच्या वाचकाला थोडे खटकेल. रात्री फुलून पहाटे गळणाऱ्या पारिजातकाला त्यांनी दुःखी वृक्ष म्हटले, सूर्यावर प्रेम करून फसलेल्या मुलीची लोककथा टिपली आणि फुलाच्या केशरी देठांनी अन्न रंगवितात हेही लिहिले. अतिसारावरील कुड्याची साल, निर्गुंडी, कडुनिंब, धोतरा, भांग, अफू, मूग, जांभूळ, करमळ, फणस ही सारी आपल्या परसातील मंडळी त्यांच्या पानांतून भेटतात. काजूवर मात्र तेथे प्रकरण नाही. ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आलेले ते झाड आपल्या कातळावर पसरावयास अजून अवधी होता.

सुमारे १५५४ साली मुंबई बेट त्यांना व्हाइसरॉयाकडून हयातीपुरते भाडेपट्ट्याने मिळाले. आजच्या महानगराचा तो काळ मासेमारीच्या वाड्या, भातखाचरे आणि माडबागांचा होता. त्यांचे घर आणि बाग जेथे होती असे सामान्यतः मानतात, ती जागा एशियाटिक सोसायटीच्या इमारतीमागे नौदलाच्या आवारात आहे. तेथील एक आंबा वर्षातून दोनदा फळे, एकदा मेच्या सुमारास आणि एकदा नाताळाच्या सुमारास, असे त्यांनी नमूद केले आहे. गोव्याहून चौल, वसई, मुंबईकडे ये-जा करताना त्यांची गलबते आपल्याच किनाऱ्यासमोरून गेली असणार. कुरटे बेटावर तेव्हा फक्त खडक होता; सिंधुदुर्ग उभा राहण्यास अजून शंभर वर्षे होती.

मुंबई-वसईकडील समाजाचे जे वर्णन त्यांनी केले, ते वाचून आम्ही प्रथम थबकलो. एम.ए.च्या अभ्यासात ओर्ता हे नाव औषधींच्या संदर्भात ओझरते आले होते. हे पान कोणी दाखविले नव्हते. शेत कसणारे कुणबी, बागा राखणारे माळी, वसुली करणारे प्रभू, वाणी, पारशी असे एकेक जण सांगत ते अखेर अशा लोकांपाशी येतात की ज्यांचा सर्वांकडून तिरस्कार होतो, जे कोणास शिवत नाहीत, मेलेले जनावरही खातात, ज्यांना गाव आपले उरलेसुरले अन्न स्पर्श न करता देते, आणि रस्ते व घरे यांची घाण काढणे हे ज्यांचे काम. आपल्या पूर्वजांना ज्या नावाने हिणवीत, ते नाव पोर्तुगीज लिपीत तेथे छापलेले आहे. चारशे साठ वर्षांपूर्वीची ही नोंद आहे. तिच्यात चीड नाही, कळवळा नाही. मिरीच्या वेलाचे वर्णन करावे तशी ती आहे. ज्याच्या स्वतःच्या रक्ताची अशुद्धता सरकारी कागदांत नोंदलेली होती, त्या माणसास हे लिहिताना आत काही हलले असेल का, हा प्रश्न आम्ही अनेकदा स्वतःला विचारला आहे. कागदावर त्याचे उत्तर नाही.

आमची आजी एका बागायतदाराच्या आगरात शेणखत वाहत असे. खताची पाटी माडाच्या बुडाशी रिकामी करण्यास तिला मज्जाव नव्हता. त्याच माडाला पाणी देणाऱ्या विहिरीच्या काठावर मात्र तिने पाऊल ठेवावयाचे नव्हते. महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला, तरी आमच्या वाडीतील विहिरीचा प्रश्न त्यानंतरही कैक वर्षे तसाच होता. कोणत्या झाडास किती खत लागते, कोणत्या महिन्यात आळे उघडावे, हे तिला बागेच्या मालकापेक्षा अधिक कळत असे. हे ज्ञान कोणी लिहून घेतले नाही. आम्हीही घेतले नाही.

साष्टी बेटावरील डोंगरात कोरलेली लेणी ओर्ता यांनी पाहिली आणि शेकडो दालने पाहून ते चकित झाले. ते भिक्खूंचे विहार आहेत हे त्यांना सांगणारा कोणी उरला नव्हता. ज्या धर्मात विहारालाच आराम, म्हणजे उपवन, असे नाव होते, त्याची स्मृती तोवर या किनाऱ्यावरून पार पुसली गेली होती.

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातील छापखान्यात त्यांचा ग्रंथ छापून पूर्ण झाला. भारतात मुद्रणकला येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हे, साध्या पोर्तुगीजमध्ये होता, आणि छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्र पानोपानी लांबले. रचना संवादरूप आहे. स्वतः ओर्ता आणि सालामांकाचा जुना परिचित म्हणून कल्पिलेला रुआनो नावाचा वैद्य हे दोघे एकेक वनस्पती घेऊन बोलतात. रुआनो ग्रंथ पुढे करतो, ओर्ता अनुभव पुढे करतात. मध्येच दारात कोणी येतो. मुंबईचे कूळ राज्यपालांना नजर करण्यासाठी आंब्यांची करंडी घेऊन येते. मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन आपले मत सांगतो. आणि अंतोनिया येते. ही घरातील दासी. धनी हाक मारतात, ती पाला, फळ, मुळी आणून समोर ठेवते, आणि वाद मिटतो. ती कोठली, तिचे मूळ नाव काय, हे कोठेच नाही. अंतोनिया हे बाप्तिस्म्याचे नाव दिसते. कोणते झाड बागेत कोठे आहे आणि कोणत्या ऋतूत त्याची मुळी काढावयाची, हे त्या घरात सर्वांत अधिक तिलाच ठाऊक असावे, असे वाचताना वाटत राहते. तरी ओर्ता यांनी तिचे नाव ग्रंथात ठेवले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

धर्मन्यायालयापासून पळून समुद्र ओलांडलेल्या या कुटुंबाच्या मागोमाग ते न्यायालयही समुद्र ओलांडून आले. आई आणि दोन बहिणी पोर्तुगालातील चौकशीच्या छळातून सुटून १५४९च्या सुमारास गोव्यास आल्या होत्या. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले. थोरामोठ्यांचे वैद्य असल्यामुळे ओर्ता यांना हयातीत हात लागला नाही. १५६८ साली ते वारले. त्याच वर्षी बहीण कातारिना हिला अटक झाली आणि १५६९ साली, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीत कुटुंबीयांकडून मृत वैद्याविरुद्धही जबाब घेतले गेले. १५८० साली ओर्ता यांची हाडे थडग्यातून उकरून काढून विधिपूर्वक जाळण्यात आली. मरून बारा वर्षे झालेल्या माणसाला शिक्षा देण्याची ही पद्धत होती. आज ज्या शहरात त्यांच्या नावाचे उद्यान आहे, तेथून ती जागा काही कोसांवर आहे.

हाडे जाळली, पण ग्रंथ तोवर निसटला होता. कार्लुस क्लुसियुस या वनस्पतितज्ज्ञास पोर्तुगालच्या प्रवासात त्याची एक प्रत मिळाली आणि १५६७ साली, म्हणजे ओर्ता जिवंत असतानाच, त्याने अँटवर्प येथे लॅटिनमध्ये त्याचे संक्षिप्त रूप प्रसिद्ध केले. युरोपभर तेच वाचले गेले. संक्षेप करताना संवाद काढून टाकावे लागले. आणि संवाद गेले तशी दारात येणारी माणसेही गेली. मालुपा गेला, आंब्यांची करंडी गेली, अंतोनिया गेली. वनस्पती तेवढ्या राहिल्या.

त्या काळी युरोपात बागेची एक नवी तऱ्हा जन्मास येत होती. इटलीतील पादुआ येथे १५४५ साली विद्यापीठासाठी औषधी वनस्पतींची बाग झाली. वर्तुळाकार भिंतीच्या आत चौकोन, चौकोनाचे चार भाग, प्रत्येक भागात लहान लहान वाफे, आणि एका वाफ्यात एकच जात. चारबागेचीच आखणी, पण स्वर्ग म्हणून नव्हे, पाठ्यपुस्तक म्हणून वापरलेली. क्लुसियुस उतारवयात हॉलंडमधील लायडन विद्यापीठाच्या अशाच बागेचा प्रमुख झाला. १५९४ साली तयार झालेली ती बाग आजही आहे. पुढे डच लोक कोचीनला आले आणि त्यांचा अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे छापविला. त्यात ज्याच्याकडून माहिती मिळाली त्या इट्टी अच्युतन या वैद्याचे प्रमाणपत्र त्याच्या नावानिशी छापले आहे. अच्युतन हा एळव जातीचा, म्हणजे केरळात ज्यांना देवळाच्या रस्त्यानेही जाऊ देत नसत त्यांपैकी एक. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्यांच्या पोथ्या होत्या. त्याच ग्रंथात तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचे देवनागरी लिपीतील निवेदनही आहे, आणि दोन्ही साक्षी एकाच खंडात आहेत. आठवी-नववीच्या मुलांना त्या पानांची चित्रे आम्ही आवर्जून दाखवितो.

गेल्या पावसाळ्यात मुलांनी शाळेच्या परसबागेतील झाडांना नावाच्या पाट्या लावल्या. विहिरीजवळच्या भिरंडाच्या पाटीवर शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका असे लिहून त्यांनी खाली उत्साहाने जोडले की, हे नाव गार्सिया द ओर्ता यांच्यावरून पडले. आम्हीही कित्येक वर्षे तसेच समजत होतो. वास्तविक हे नाव लिनियसने लोरां गार्सँ या अठराव्या शतकातील दुसऱ्याच वैद्याच्या स्मरणार्थ दिलेले आहे. ओळ पुसावी लागली. तिच्या जागी मुलांनी भिरंड, रातांबा, कोकम ही तीन नावे लिहिली आणि त्यांच्याखाली, आपल्या मनाने, ते रोप ज्यांनी लावले त्या आपल्या स्वयंपाकघरातील मावशींचे नाव.